बिस्किटांचा पोळा

आमच्या अव्वांनी माझ्या ओव्हनमधलं आजवर काहीही तोंडात घातलं नव्हतं. काहीही म्हणजे काहीही! केकचं एक वेळ समजू शकते, त्यात काय काय घालतात कुणास ठाऊक. पण साधी नानकटाई? जिऱ्याची बिस्किटं? बाजरीच्या पिठाची खारी बिस्किटं, जी खाऊन गल्लीतल्या म्हाताऱ्या बोटं चाटतात? तीसुद्धा नाहीत. अव्वा म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या लातूर-उदगीर पट्ट्यात घरातल्या मोठ्या बाईला अव्वा म्हणतात. त्यांचा मुलगा म्हणतो, नात म्हणते, भाजीवाला म्हणतो आणि मीही म्हणते.

कारण ऐकाल तर हसाल. लग्न होऊन मी नांदेडहून लातूरला आले ती माझा ओव्हन बरोबर घेऊनच. बेकरीचा क्लास केला होता, हौस होती, आणि पोरीला रुखवतात भांडी देण्यापेक्षा हे बरं असं माझ्या आईचं मत. अव्वांनी त्या पेटीभोवती एक चक्कर मारली, दार उघडून आत वाकून बघितलं आणि विचारलं, "यात अंडं भाजलंय का कधी?" मी आपली भोळीभाबडी. "हाव, क्लासाच्या वेळी भाजलं होतं की," म्हणाले. झालं! अव्वांच्या गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, सकाळची पूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट नाही. पण बाई रागावल्या नाहीत, आदळआपट केली नाही. फक्त "असू दे" म्हणाल्या आणि निघून गेल्या.

तेव्हापासून ते 'असू दे' चालूच होतं. आमच्या घरात अंडं कधी आलं नाही. तो ओव्हन मोडीत गेला, दुसरा आला, मग त्याच्याहून मोठा आला. बिनअंड्याची बिस्किटं म्हटलं की लोक माझं घर विचारत येतात. पण अव्वांपुढे ताटली धरली की त्या ती घ्यायच्या आणि शेजारणीकडे सरकवायच्या. बरं, कौतुक करायला कमी नाही हं! भजनाला जाताना पिशवीत माझ्या बिस्किटांचा डबा घेऊन जाणार, "आमच्या सूनबाईनं केलीत" म्हणून स्वतःच्या हातानं वाटणार आणि रिकामा डबा घेऊन घरी येणार. मी विचारावं, "अव्वा, कशी झालीत?" तर म्हणणार, "समोरची बाई चांगली झालीत म्हणाली." समोरची बाई! माझं डोकंच फिरायचं.

यांना सांगितलं तर यांचं एकच. "अगं, भाकरी खाते ना तुझ्या हातची? आमटी खाते ना? मग कशाला जिवाला लावून घेतेस?" खातात हो, सगळं खातात. पण भाकरी कोणीही करतं. बिस्कीट हे माझं आहे, मी शिकलेलं, माझ्या जिवाचं. मला फार काही नको होतं. अव्वांनी माझं एक बिस्कीट खावं, बस्स. एकच. चांगलं म्हणू देत नाहीतर थुंकून टाकू देत, पण खावं.

यंदा पोळ्याच्या आधी मी आणि अव्वा लातूरच्या गंजगोलाईच्या बाजारात गेलो होतो. आमचं गाव उदगीर रोडला, लातूरपासून गाडीनं तासाभराच्या आत. शेत ट्रॅक्टरनं होतं, पण अव्वांच्या हट्टापायी एक जोडी अजून गोठ्यात आहे, थोरला आणि धाकटा. त्यांच्यासाठी झूल, गोंडे, घुंगरमाळा घ्यायच्या होत्या. एरवी कोथिंबिरीच्या जुडीसाठी भाजीवालीला रडवणाऱ्या अव्वा त्या दिवशी नुसत्या "हे दे, ते बी दे" करत होत्या. मग एका मातीच्या बैलांच्या टोपलीपाशी त्या थांबल्या. एक छोटा बैल तळहातावर घेतला, त्याच्या वशिंडावरून, म्हणजे पाठीवरच्या उंचवट्यावरून, बोट फिरवलं, आणि त्यांच्या तोंडावर असं हसू आलं की मी बघतच राहिले. लेकराला घेतल्यासारखा धरला होता हो त्यांनी तो बैल!

आणि माझ्या डोक्यात लख्खकन प्रकाश पडला. साखरेची बिस्किटं! पातळ लाटायची, साच्यानं बैल कापायचे, भाजायचे आणि वरून साखरेच्या रंगांनी सजवायचे. शिंगं रंगवायची, झूल घालायची, गोंडे लावायचे. अव्वा मला नाही म्हणतील, ओव्हनला नाही म्हणतील, पण बैलाला कशा नाही म्हणतील? मी तिथंच, त्या गर्दीत, "अगं बाई!" म्हणून ओरडले. अव्वांना वाटलं पाकीट मारलं.

घरी येऊन साचे काढले. माझ्याकडे साच्यांचा ढीग आहे: तारा, बदाम, फुलपाखरू, नाताळचं झाड, सांताच्या गाडीचं हरीण. बैल नाही. मोबाईलवर शोधला तर एक सापडला, पण तो परदेशी. वशिंड नाही, मान खाली घालून अंगावर धावून येणारा. असला बैल अव्वांनी गोठ्यातसुद्धा बांधला नसता. मग मी सरळ नांदेड गाठलं. आईला भेटून येते म्हणाले, आणि ते काही खोटं नव्हतं.

माझ्या माहेरच्या गल्लीच्या तोंडाशी एक पत्रेवाले चाचा बसतात. चाळण्या, नरसाळी, पणत्या ठेवायचे ट्रे, काय पाहिजे ते पत्र्याचं करून देतात. गोलाईतून घेतलेला मातीचा बैल मी बरोबर नेला होता; आईनं तो पुठ्ठ्यावर आडवा निजवून त्याच्या कडेनं पेन्सिल फिरवली, तो पुठ्ठा घेऊन आम्ही दोघी चाचांपुढे जाऊन बसलो. चाचांनी पट्टी वाकवली, ठोकली, जोडली आणि माझ्या हातात दिली.

"चाचा, ही शेळी झाली."

चाचांनी चष्मा वर करून बघितलं. "हाव की. शेळीच दिसून राहिली."

"वशिंड कुठं गेलं?"

"इत्त्याशा जागेत वशिंड, शिंगं, शेपूट, चार पाय, सगळं पायजे तुमाला? बिस्कीट हाय का बैलबाजार?"

मी हटले नाही. मी हटतच नाही, हा माझा स्वभाव आहे आणि आई त्याला आडमुठेपणा म्हणते. दुसरा झाला तो उंटावर गेला. तिसऱ्याला मात्र असं वशिंड आलं, अशी शिंगं वर वळली, की चाचा स्वतःच खुश होऊन शेजारच्या दुकानदाराला दाखवायला गेले. आई परत येताना म्हणाली, "एवढी परेशान कशाला होऊन राहिलीस? म्हातारी न्हाई म्हणते म्हणजे न्हाईच खाणार."

"खातील. तू बघ."

"मी काय बघू? तूच बघ," आई म्हणाली. तिला हसू येत होतं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी अव्वा सकाळीच गावाकडे गेल्या. त्या दिवशी खांदेमळणी असते. बैलांचे खांदे हळद-लोण्यानं मळायचे आणि त्यांच्या कानात जेवणाचं आवतण द्यायचं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." हे काम अव्वा दुसऱ्या कुणाला करू देत नाहीत. त्यांची गाडी कोपऱ्यावरून वळली तशी मी पदर खोचला.

तयारी कशी केली होती ते सांगते, म्हणजे माझी काय अवस्था होती ते कळेल. डोक्यावरून आंघोळ केली. देवापुढे दिवा लावला. ओव्हन आतून बाहेरून तीनदा पुसला, नवे ट्रे आणले होते ते धुतले, आणि काय वाटलं कोण जाणे, अव्वांच्या डबीतली विभूती घेऊन ओव्हनच्या दारावर तीन बोटं ओढली. आमची लेक दहावीत आहे, पोळ्याची सुट्टी म्हणून घरी होती. ती दारातून म्हणाली, "मम्मी, ओव्हनला लिंगदीक्षा देऊन राहिलीस का?" मी तिला लाटणं दाखवलं.

लोणी घरचंच, अव्वांनी घुसळलेलं. पिठीसाखर, मैदा, चमचाभर दूध, वेलची आणि जायफळ. लोणी-साखर फेसत बसले तेव्हा हात भरून आला तरी थांबले नाही. गोळा फ्रीजमध्ये ठेवला, बाहेर काढला, लाटला, आणि पहिला साचा दाबला. हळूच उचलला तर खाली ओट्यावर एक बैल! वशिंडासकट, शेपटीसकट! आम्ही दोघी मायलेकी नाचलो हो स्वयंपाकघरात. मग दुसरा, तिसरा, अख्खा ट्रेभर बैल, सगळे एकाच दिशेला तोंड करून निघालेले.

पहिली खेप भाजून निघाली तर पाय मोडले. बारीक पाय आधी लाल झाले आणि ट्रेवरून उचलताना कटाकट तुटले. लेकीनं एका मोडक्या बैलाचा पाय तोंडात टाकला, मग उरलेला बैलही टाकला, आणि डोळे मिटून म्हणाली, "मम्मी, लई भारी." हे ऑफिसातून आले तर त्यांनी दोन लंगडे बैल चहात बुडवून खाल्ले. तेवढ्यात मी शहाणी झाले, दुसऱ्या खेपेला पायांकडे गोळा जरा जाड लाटला आणि आच उतरवली. ते बैल उभे राहतील असे ठणठणीत निघाले.

मग सजावट! अंड्यातलं पांढरं नको म्हणून पिठीसाखर, दूध आणि लिंबाचे चार थेंब घोटून रंग केले. बीटाचा लाल, हळदीचा पिवळा, पालकाचा हिरवा, कोकोचा काळा. कागदाचे कोन वळले. आता सजवायचे म्हटल्यावर घरात तीन तट पडले. लेकीला फुलं काढायची होती. मला झुलीला आरसे पाहिजे होते. आणि हे, ज्यांनी आजवर स्वयंपाकघरात पाण्याचा ग्लास सोडून काही उचललं नाही, ते खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "थोरल्याची शिंगं लाल आणि धाकट्याची हिरवी. दरवर्षी तशीच असतात. चुकवू नका." मी म्हटलं, मग रंगवा की तुम्हीच. रंगवली हो त्यांनी! जीभ बाहेर काढून, शाळेतल्या पोरासारखं वाकून, एकेक शिंग.

शिंगांना बेगड लावतात ना, चमचमणारी? माझ्याकडे मिठाईवरचा चांदीचा वर्ख होता. त्याचे बारीक तुकडे चिमट्यानं शिंगांच्या टोकाला चिकटवले. तोंडाभोवती दोरीची काळी मोरकी रेखली, गळ्यात घुंगरमाळ म्हणून पिवळे ठिपके दिले, झुलीला लाल गोंडे. ओळीनं मांडल्यावर मी लांब जाऊन बघितलं आणि माझा मलाच विश्वास बसेना. इतकं सुंदर काम माझ्या हातून कधी झालं नव्हतं, आणि हे मी कुणाच्या वाढदिवसाला नाही, आमच्या अव्वांसाठी केलं होतं.

पोळ्याच्या सकाळी आम्ही निघालो. डबा माझ्या मांडीवर. उदगीर रोडला एक खड्डा आला की मी "हळू! शिंगं मोडतील!" म्हणून ओरडायची. शेवटी हे म्हणाले, "बैलांना घेऊन चाललोय की देवीची पालखी?" गावातलं आमचं घर म्हणजे पुढे पत्र्याची ओसरी, मागे दोन खोल्या आणि बाजूला गोठा. अव्वा ओसरीत पुरण वाटत बसल्या होत्या. थोरला-धाकटा धुऊन पुसून, शिंगं रंगवून, चमकत उभे होते. थोरल्याची लाल आणि धाकट्याची हिरवी, यांनी सांगितली तशीच.

मी डबा अव्वांपुढे ठेवला आणि झाकण काढलं.

काय सांगू! अव्वांनी पुरणाचा हात तसाच वर धरला. डोळे मोठे झाले. "अगं माय," म्हणाल्या. मग आत वाकून एकेक बघायला लागल्या. "हा थोरला. हा धाकटा. आगं ह्येची झूल बघ, आरसं बघ. बेगड बी लावलीय गं!" त्यांनी शेजारणीला हाक मारली, तिनं तिच्या जावेला. "बसवण्णा आलेत गं घरात, बसवण्णा!" बैलाला त्या बसवण्णाच म्हणतात. माझं काळीज असं उड्या मारत होतं की मला वाटलं आता बाहेर येतंय. आता, आत्ताच्या आत्ता, हीच ती वेळ. मी सगळ्यात देखणा बैल उचलला, हिरव्या शिंगांचा, आणि त्यांच्यापुढे धरला.

"घ्या अव्वा. अंडं नाही, नवा ट्रे, लोणी तुमचं. घ्या ना."

अव्वांनी बिस्किटाकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग परत बिस्किटाकडे.

"नंदीला दात लावू म्हणतीस?" त्या म्हणाल्या. "पोळ्याच्या दिशी?"

शेजारीण छताकडे बघायला लागली. आणि माझ्या टाळक्यात हळूहळू उजेड पडला. महादेवाचं वाहन! देवळात गेलं की आधी ज्याच्या पाठीला हात लावायचा, ज्याच्या शिंगांतून पिंड बघायची, तो नंदी मी बिस्किटाचा करून एका लिंगायत म्हातारीला, पोळ्याच्या सणाला, चावून खा म्हणत होते! मला नाही सुचलं. यांना नाही सुचलं, जे याच घरात वाढले. आईला नाही, चाचांना नाही. अख्ख्या नांदेड-लातूरमध्ये एका माणसाला सुचलं नाही!

यांना हसू फुटलं. आधी नाकातून, मग पोट धरून. लेक मात्र पांढरीफटक. तिनं माझ्या कानात विचारलं, "मम्मी, आम्ही काल जे लंगडे खाल्ले त्याचं काय?" मी तिच्या हाताला चिमटा काढला.

अव्वांनी मात्र वेळ घालवला नाही. पाट मांडला, त्यावर स्वच्छ फडकं टाकलं, डब्यातले बैल एकेक करून जोडीनं मांडले, हळद-कुंकू वाहिलं आणि सगळ्यांना बजावलं, "कुणी हात लावायचा न्हाई." म्हणजे बिस्किटं इतकी आवडली की आता ती कुणीच खायची नाहीत! मी मागच्या खोलीत जाऊन आईला फोन लावला. तिला सांगितलं तर ती इतकी हसली की फोन बाजूला ठेवून हसली. मग म्हणाली, "अगं मला बी न्हाई सुचलं गं." मी चिडले, फोन ठेवला आणि भांडी आपटत पोळ्या लाटायला बसले. रडू येत होतं. रागाचं होतं की कशाचं, ते सांगता येणार नाही. अव्वा ओसरीत आल्या-गेल्याला माझे बैल दाखवत होत्या, "आमच्या सूनबाईनं केलेत," आणि दर वेळी ते ऐकलं की मला बरंही वाटत होतं आणि संतापही येत होता.

दुपारनंतर वेशीत तोरणाखाली सगळ्या गावाचे बैल उभे राहिले. वाजंत्री, मंगलाष्टका, "हर हर महादेव"चा गजर, मग मारुतीला चक्कर. लेक व्हिडिओ काढत होती, मी तिच्या मागे पळत होते. कितीही तोंड पाडून बसायचं ठरवलं तरी पोळ्याला ते जमत नाही. एवढ्या रंगांत, एवढ्या घुंगरांत कोण तोंड पाडून बसेल? मिरवणूक सुटल्यावर बैल दारोदार जातात. प्रत्येक दारात त्यांना ओवाळतात, पुरणपोळी चारतात, आणि शेवटी ते आपापल्या घरी येतात.

आमच्याकडे पोळ्याला घरचे बैल जेवल्याशिवाय कुणी जेवत नाही. अव्वांचं त्याहून कडक. त्या दिवसभर उपाशी असतात, आणि बैलाच्या ताटात जे उष्टं उरेल त्याचा घास घेऊन उपास सोडतात. दरवर्षी पोळीचा तुकडा असतो. त्याला लाळ लागलेली असो नाहीतर भुस्सा, कपाळाला लावायचा आणि तोंडात टाकायचा. "परसाद हाय," म्हणतात.

यांनी दोघांना ओसरीपुढे आणलं. अव्वांनी पाय धुतले, ओवाळलं, दोन ताटं पुढे सरकवली. थोरल्यानं ताटात तोंड घातलं ते सगळं संपवूनच वर काढलं. ताट चाटून असं लख्ख केलं की घासायची गरज नाही. कण उरला नाही. धाकट्यानं पोळीचा वास घेतला आणि मान फिरवली.

"खा रे," अव्वा म्हणाल्या. त्यानं मान दुसरीकडे फिरवली.

"दारोदार खाऊन आलाय अव्वा," हे म्हणाले. "पुरणानं गळ्यापातुर भरलाय. नको झालीय त्याला पोळी."

अव्वांनी पोळीवर तूप घातलं. गूळ कुस्करला. त्याच्या कपाळावर थोपटलं. तो ढिम्म. दिवे लागायची वेळ झाली होती आणि सकाळपासून उपाशी बाई बैलापुढे पोळी धरून उभी होती. "माज्यावर रुसलास व्हय?" अव्वा त्याला विचारत होत्या. माझा राग कुठल्या कुठे गेला ते मला कळलंसुद्धा नाही. मी म्हटलं, खा ना रे बाबा, खा.

तेवढ्यात धाकट्यानं मान लांब केली. ओसरीच्या कडेला पाट होता, पाटावर माझे बैल. त्यानं जीभ काढली आणि एक उचलला. कुडुम!

"आगं आगं आगं!" अव्वा किंचाळल्या. लेक पाटाकडे धावली. हे हसायचं सोडून बघत राहिले. धाकटा चावत होता. अर्धा बैल त्याच्या तोंडात गेला आणि अर्धा सुटून खाली ताटात पडला, शिंगांपासून वशिंडापर्यंतचा. त्यानं तोंडातला अर्धा खाल्ला, नाक फुरफुरवलं आणि आणखी पाहिजे म्हणून मान पुढे केली.

अव्वा कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघत राहिल्या. "त्येचं त्यो खातोय," शेवटी म्हणाल्या. "आपुन कोण बोलणार?"

मग त्यांनी ताटाकडे बघितलं. पोळीला तोंड लागलेलं नव्हतं. थोरल्याचं ताट कोरडं. अख्ख्या अंगणात बैलाचं उष्टं म्हणावं असं एकच होतं, माझ्या बिस्किटाचा तो अर्धा तुकडा, लाळेनं ओला झालेला, रंग ओघळलेला.

मी म्हणू शकले असते, राहू द्या अव्वा, थांबा, पोळी कुस्करून भरवू त्याला. तोंडावर आलंही होतं. पण मी ओठ घट्ट मिटून घेतले. लेकीनं माझा हात असा आवळला की बांगडी रुतली. यांनी कासरा धरून श्वास रोखला होता. अव्वा वाकल्या. तुकडा उचलला. पदरानं पुसला. कपाळाला लावला. क्षणभर हातात धरून राहिल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आता नंदी न्हाई त्यो. परसाद हाय."

आणि तोंडात टाकला.

पुढचे दात नाहीत त्यांना. त्या हळूहळू, गालात इकडून तिकडे फिरवत चावत होत्या. मी त्यांच्या तोंडाकडे अशी बघत होते की शेजारणीनं बघितलं असतं तर मला वेड लागलं म्हणाली असती. डोळ्यांत पाणी आलं, पुसलं नाही. इतकी वर्षं! इतकी वर्षं मी वाट बघितली होती, आणि ते बिस्कीट शेवटी बैलाच्या तोंडातून त्यांच्या तोंडात गेलं.

"कशी लागली अव्वा?" मला राहवलं नाही.

त्या घोटभर पाणी प्यायल्या. ताटात बघितलं, बोटानं दोन चुरे टिपले, तेही तोंडात टाकले. मग धाकट्याच्या पाठीवर हात फिरवत, पाटाकडे मान करून म्हणाल्या, "आनखी एक ठिव त्येच्यापुढं."

"पोळी?"

"पोळी कशाला? बिस्कीट ठिव." मग जरा जवळ आल्या, आवाज खाली आणला. "समदं खाऊ देऊ नकोस गं."

मी पाटावरून लाल शिंगांचा बैल उचलला आणि धाकट्याच्या तोंडापुढे धरला. त्यानं अर्धा तोडला तसा हात पटकन मागे घेतला.